यकृत प्रत्यारोपण आणि बालकांचे लसीकरण : हातातले दिवस मोलाचे

घरात बाळ जन्माला येते. चारआठ दिवस आनंदात जातात. बाळाच्या डोळ्यांत थोडा पिवळेपणा दिसतो, पण नवजात बाळांना कावीळ होतेच, कोवळ्या उन्हात धरले की उतरते, असे घरातील ज्येष्ठ मंडळी सांगतात आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. एखाद्या घरात मात्र दोन आठवडे उलटतात, तीन उलटतात, तरी डोळ्यांचा पिवळेपणा जात नाही. उलट लघवी गडद पिवळी होते, लंगोटावर डाग राहू लागतात आणि शौचाचा रंग पांढुरका, मातकट दिसू लागतो. मग धावपळ सुरू होते. तालुक्याचे डॉक्टर जिल्ह्याला पाठवतात, जिल्ह्याचे डॉक्टर पुण्या-मुंबईला. तेथे निदान होते ‘बिलिअरी अ‍ॅट्रेसिया’, म्हणजे यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नलिका बंद झाल्या आहेत. शस्त्रक्रिया करावी लागेल आणि कदाचित पुढे यकृत प्रत्यारोपणही.

या वादळात बाळाचे लसीकरणाचे कार्ड कपाटात जाऊन पडते. सहाव्या आठवड्याची लस राहते, दहाव्याची राहते. आशाताई आठवण करून द्यायला येतात, तेव्हा आजी म्हणते, “बाळ आधीच एवढे आजारी, त्यात आणखी सुया कशाला? आधी बरे होऊ द्या, मग लसींचे पाहू.”

हे वाक्य मायेपोटी आलेले असते, म्हणूनच ते कोणी खोडून काढत नाही. पण वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ज्या बाळाचे यकृत पुढे बदलावे लागण्याची शक्यता आहे, त्याच्या लसी लांबणीवर टाकावयाच्या नसतात. उलट त्या शक्य तितक्या लवकर पूर्ण करावयाच्या असतात. कारण काही लसी प्रत्यारोपणापूर्वीच निर्धास्तपणे देता येतात. तो काळ निसटला, की पुढे वर्षानुवर्षे त्या देता येतीलच याची शाश्वती राहत नाही.

प्रत्यारोपणाची वाट कशी तयार झाली

लहान मुलांमध्ये यकृत प्रत्यारोपणाचे सर्वांत मोठे कारण बिलिअरी अ‍ॅट्रेसिया हेच आहे. याखेरीज जन्मजात चयापचयाचे काही विकार, विल्सनसारखे तांब्याच्या साठवणुकीचे आजार, यकृताचे अर्बुद आणि विषाणूंमुळे यकृत अकस्मात निकामी होणे, हीही कारणे असतात.

जपानमधील शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५०च्या दशकात बिलिअरी अ‍ॅट्रेसियावर एक शस्त्रक्रिया विकसित केली. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शस्त्रक्रियेत आतड्याचा भाग थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून दिली जाते. बाळ साधारण साठ दिवसांचे होण्यापूर्वी ती झाली, तर यशाची शक्यता अधिक असते. तरीही या बाळांपैकी पुष्कळांना आज ना उद्या नव्या यकृताची गरज भासते.

१ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी माणसावरील पहिले यकृत प्रत्यारोपण केले, तेही याच विकाराने ग्रस्त असलेल्या तीन वर्षांच्या बालकावर. ते बालक शस्त्रक्रियेतच दगावले. पुढे १९६७ मध्ये त्यांनाच पहिले यश आले आणि तेव्हाही रुग्ण लहान मूलच होते. भारतात १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. १९९८ मध्ये दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयात दोन वर्षांहूनही लहान असलेल्या एका मुलाला त्याच्या वडिलांच्या यकृताचा भाग देऊन पहिले यशस्वी बाल-यकृत प्रत्यारोपण करण्यात आले. तोच मुलगा पुढे डॉक्टर झाला, ही गोष्ट अशा प्रत्येक कुटुंबाला धीर देणारी आहे. आज मुंबई आणि पुण्यातही ही शस्त्रक्रिया होते. यकृताला पुन्हा वाढण्याची निसर्गदत्त क्षमता आहे. त्यामुळे आई किंवा वडिलांच्या यकृताचा डावीकडील लहानसा भाग बाळाला पुरतो आणि दात्याचे यकृतही काही आठवड्यांत बरेचसे भरून येते.

शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावर बाळाचे आयुष्य मुख्यतः औषधांवर आणि संसर्गापासून मिळणाऱ्या संरक्षणावर उभे राहते. लसींचा प्रश्न येथेच येतो.

नवे यकृत आणि शांत केलेली प्रतिकारशक्ती

शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपले आणि परके यांत भेद करते. नवे यकृत कितीही जवळच्या नातलगाचे असले, तरी शरीराच्या लेखी ते परकेच. त्यावर हल्ला होऊ नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे आणि सुरुवातीच्या काळात स्टिरॉइडे देऊन प्रतिकारशक्ती मुद्दाम मंद केली जाते. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ही औषधे सर्वाधिक मात्रेत असतात. पुढे मात्रा कमी होते, पण बहुतेक मुलांना कमीअधिक प्रमाणात ती कायम घ्यावी लागतात.

याचा परिणाम दुहेरी होतो. एक म्हणजे, इतर मुले आठवडाभरात सहज झटकून टाकतात तो आजार या मुलाला गंभीर होऊ शकतो. कांजिण्या त्वचेपुरत्या न राहता फुप्फुसे, मेंदू आणि नवे यकृत यांच्यापर्यंत पोहोचू शकतात. गोवरामुळे होणारा न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो. दुसरे म्हणजे, लस दिली तरी मंदावलेली प्रतिकारशक्ती तिला पुरेसा प्रतिसाद देत नाही. हाच अडसर यकृत निकामी होत असतानाही असतो. आजार जसा वाढतो आणि बाळाचे पोषण जसे ढासळते, तसा लसींचा परिणामही क्षीण होत जातो. म्हणून ‘लवकर’ या शब्दाला येथे विशेष अर्थ आहे. प्रत्यारोपणाच्या आधी द्यायचे, एवढेच पुरेसे नाही. प्रकृती फार खालावण्याच्याही आधी लसी दिलेल्या बऱ्या.

लसींचे दोन वर्ग

पालकांनी एक भेद नीट समजून घेतला, तर पुढील सारे सोपे होते. काही लसींत जिवंत, पण दुर्बल केलेले जंतू असतात. गोवर-रुबेला, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, रोटाव्हायरस, पोलिओचे तोंडावाटे दिले जाणारे थेंब आणि क्षयरोगाविरुद्धची बीसीजी या लसी त्या वर्गातील. निरोगी बालकात हे दुर्बल जंतू आजार न आणता प्रतिकारशक्ती शिकवून निघून जातात. प्रतिकारशक्ती औषधांनी दबलेली असेल, तर मात्र तेच जंतू वरचढ होण्याचा धोका असतो.

दुसऱ्या वर्गात जंतू मारलेले असतात किंवा त्यांचा केवळ एखादा अंश वापरलेला असतो. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब यांची एकत्रित पेंटाव्हॅलंट लस, न्यूमोकोकल लस, इंजेक्शनातून दिली जाणारी पोलिओ लस, इन्फ्लुएन्झाची इंजेक्शनाची लस, विषमज्वराची संयुग्मित लस, एचपीव्ही आणि रेबीजची लस, या साऱ्या या निर्जीव वर्गात मोडतात. त्यांच्यापासून रोग होऊच शकत नाही. त्यामुळे त्या प्रत्यारोपणाच्या आधीही आणि नंतरही देता येतात. हिपॅटायटिस ए ची लस आपल्याकडे जिवंत आणि निर्जीव अशा दोन्ही प्रकारांत मिळते. ती घेताना कोणती आहे, हे विचारून घेणे अगत्याचे आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीचे नियोजन

निदान झाल्यावर पहिल्याच भेटीत यकृततज्ज्ञांपुढे लसीकरणाचे कार्डही ठेवावे. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमातील सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी वेळेवर घ्याव्यात. कासाई शस्त्रक्रियेमुळे एखादी तारीख चुकली, तर बाळ घरी आल्यावर ती लगेच भरून काढावी. मध्ये खंड पडला म्हणून मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही.

गोवराची लस एरवी नवव्या महिन्यात दिली जाते. प्रत्यारोपण नजीकच्या काळात अपेक्षित असेल, तर ती सहाव्या महिन्यापासूनच देण्याची शिफारस आहे. इतक्या लवकर दिलेल्या मात्रेला आईकडून आलेल्या प्रतिपिंडांचा थोडा अडथळा होतो. म्हणून प्रत्यारोपण लांबले, तर एक वर्षानंतर पुढील मात्रा पुन्हा द्याव्या लागतात. कांजिण्यांची लसही अशा बाळांना नेहमीपेक्षा लवकर देण्याचा विचार तज्ज्ञ करतात.

येथे एक मर्यादा कटाक्षाने पाळावी लागते. जिवंत लस आणि प्रत्यारोपण यांच्यात किमान चार आठवड्यांचे अंतर हवे. निर्जीव लसींसाठी दोन आठवड्यांचे अंतर इष्ट असते. इंजेक्शनाने देण्याच्या दोन जिवंत लसी एकाच दिवशी द्याव्यात, अन्यथा त्यांच्यातही चार आठवडे जाऊ द्यावेत. आई किंवा वडील दाते असतील, तर शस्त्रक्रियेची तारीख पुष्कळदा आधी ठरवता येते. ती ठरवतानाच लसींचे वेळापत्रक समोर ठेवले, तर दोन्हींचा मेळ घालता येतो.

बाळाला रक्त, प्लाझ्मा किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिले असेल, तर ते कार्डावर लिहून ठेवावे. त्यांतील प्रतिपिंडांमुळे गोवर आणि कांजिण्यांच्या लसींचा प्रभाव काही महिने कमी होऊ शकतो. स्टिरॉइडे मोठ्या मात्रेत चालू असतील, तर जिवंत लस पुढे ढकलावी लागते. म्हणून लस देणाऱ्या डॉक्टरांना चालू औषधांची यादी दाखवावी.

कांजिण्या, हिपॅटायटिस ए, गालगुंड, इन्फ्लुएन्झा आणि विषमज्वर यांच्या लसी शासकीय कार्यक्रमात नाहीत. त्या बालरोगतज्ज्ञांकडून विकत घ्याव्या लागतात. शस्त्रक्रियेच्या खर्चाची जुळवाजुळव करणाऱ्या कुटुंबाला हा खर्च नकोसा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रत्यारोपणाच्या एकूण खर्चाच्या तुलनेत तो अल्प असतो, आणि तो टाळल्यामुळे पुढे ओढवणारे आजारपण फार महाग पडते.

हिपॅटायटिस बी विषयी विशेष दक्षता हवी. दात्याला पूर्वी कधी हा संसर्ग होऊन गेलेला असेल, तर त्याच्या यकृतासोबत विषाणूचा सुप्त अंश येऊ शकतो. म्हणून बाळाच्या रक्तातील प्रतिपिंडांची पातळी मोजतात आणि ती कमी आढळल्यास आणखी मात्रा देतात. यकृताच्या आजारात प्लीहा वाढते आणि तिचे कार्यही बिघडू शकते. त्यामुळे न्यूमोकोकल लसीचे महत्त्व वाढते. दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला तिच्या जोडीने अधिक व्यापक संरक्षण देणारी आणखी एक न्यूमोकोकल लस दिली जाते.

शस्त्रक्रियेनंतर

प्रत्यारोपणानंतर पहिले काही महिने लसी थांबवतात, कारण त्या काळात औषधांची मात्रा मोठी असते आणि लसीचा उपयोग कमी होतो. साधारण तीन ते सहा महिन्यांनंतर निर्जीव लसी पुन्हा सुरू करतात आणि राहिलेल्या मात्रा पूर्ण करतात. इन्फ्लुएन्झाची साथ असेल, तर तिची लस एक महिन्यानंतरही देता येते. पुढे ती दरवर्षी घ्यावी. नाकात फवारण्याची इन्फ्लुएन्झा लस मात्र जिवंत असते, ती या मुलांना चालत नाही. नऊ वर्षांनंतर एचपीव्ही लसीचा विचार करावा. प्रतिकारशक्ती मंद असलेल्यांना तिच्या तीन मात्रा लागतात.

जिवंत लसींविषयी अनेक वर्षे एकच उत्तर होते, प्रत्यारोपणानंतर कधीही नाही. अलीकडे त्यात थोडा बदल झाला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मतैक्यानुसार काही निवडक मुलांना गोवर आणि कांजिण्यांची लस देता येऊ शकते. त्यासाठी प्रत्यारोपणाला एक वर्षाहून अधिक काळ लोटलेला असावा. शरीराने यकृत नाकारण्याचा प्रसंग आलाच असेल, तर त्यालाही दोन महिन्यांहून अधिक काळ झालेला असावा. औषधे कमी मात्रेत आणि स्थिर असावीत, रक्ततपासण्या समाधानकारक असाव्यात आणि लसीनंतर मुलावर बारीक लक्ष ठेवण्याची सोय असावी. हा निर्णय केवळ प्रत्यारोपण केंद्रातील तज्ज्ञांचा आहे. शाळेतील शिबिरात किंवा शेजारच्या दवाखान्यात तो घ्यावयाचा नाही.

पुष्कळ पालकांना भीती वाटते, की लसीमुळे प्रतिकारशक्ती चेतवली जाऊन शरीर नवे यकृत नाकारील. आजवरच्या अभ्यासांत लसींमुळे असे घडण्याचे प्रमाण वाढते, असे दिसून आलेले नाही. उलट टाळता येण्याजोगा संसर्ग झाला, तर औषधे कमी करावी लागतात आणि त्यातून यकृतालाच धोका पोहोचू शकतो. दुसरी भीती सुईच्या जागी होणाऱ्या रक्तस्रावाची. आजारी यकृतामुळे रक्त गोठण्यास वेळ लागतो, हे खरे. त्यासाठी बारीक सुई वापरतात आणि टोचल्यावर जागा न चोळता काही मिनिटे घट्ट दाबून धरतात. परिचारिकेला आधी कल्पना दिली, की ती ही काळजी घेते.

घर हेच कवच

जे मूल स्वतः सर्व लसी घेऊ शकत नाही, त्याचे रक्षण त्याच्या भोवतालच्या माणसांनी करावयाचे असते. आईवडील, भावंडे, आजी-आजोबा, सांभाळणाऱ्या मावशी, सर्वांच्या लसी पूर्ण असाव्यात. सर्वांनी दरवर्षी इन्फ्लुएन्झाची लस घ्यावी. भावंडांना गोवर आणि कांजिण्यांची लस अवश्य द्यावी, तिच्यापासून घरातील प्रत्यारोपित मुलाला असलेला धोका नगण्य आहे. कांजिण्यांच्या लसीनंतर भावंडाच्या अंगावर पुरळ उठलेच, तर ते सुकेपर्यंत दोघांना दूर ठेवावे. लहान भावंडाला रोटाव्हायरसची लस दिली असेल, तर काही आठवडे त्याचे लंगोट बदलल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

आपल्या देशात विशेष ध्यानात ठेवण्याजोगी बाब म्हणजे पोलिओचे थेंब. या थेंबांनी देशावर मोठे उपकार केले आहेत. जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. परंतु थेंबांतील दुर्बल विषाणू काही आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहतो. त्यामुळे प्रत्यारोपित मुलाला हे थेंब देऊ नयेत आणि त्याच घरातील लहान भावंडांनाही थेंबांऐवजी इंजेक्शनातून पोलिओ लस द्यावी. पल्स पोलिओच्या रविवारी स्वयंसेवक दारात आले, की लाजेपोटी किंवा गडबडीत बाळ पुढे केले जाते. अशा वेळी शांतपणे सांगावे, “ताई, आमच्या मुलाचे यकृत प्रत्यारोपण झाले आहे, डॉक्टरांनी थेंब देऊ नका म्हणून सांगितले आहे.” डॉक्टरांची तशी चिठ्ठी घरात असली, तर प्रश्नच उरत नाही.

लग्नसमारंभ, बारसे, शाळेचे संमेलन अशा प्रसंगी मूल कांजिण्या किंवा गोवर झालेल्या कोणाच्या संपर्कात आले, असे कळले, तर पुरळ येण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला दूरध्वनी करावा. संरक्षक प्रतिपिंडांचे इंजेक्शन किंवा विषाणुविरोधी औषध ठराविक मुदतीतच उपयोगी पडते. कांजिण्यांच्या संपर्कानंतर पहिले चार दिवस आणि गोवराच्या संपर्कानंतर पहिले सहा दिवस अत्यंत मोलाचे असतात. कुत्रा चावल्यास रेबीजची लस बिनधोक आणि तातडीने द्यावी. मात्र जखम लहान दिसली, तरी लसीबरोबर प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते, म्हणून प्रत्यारोपणाची माहिती तेथील डॉक्टरांना द्यावी.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

ज्या कुटुंबावर असा प्रसंग आला आहे, त्यांनी पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

१. बाळाच्या कोणत्या लसी राहिल्या आहेत आणि त्यांतील जिवंत कोणत्या?
२. गोवर आणि कांजिण्यांची लस लवकर देता येईल का? शस्त्रक्रियेला चार आठवड्यांहून अधिक अवधी आहे का?
३. हिपॅटायटिस बी च्या प्रतिपिंडांची पातळी तपासली आहे का?
४. शस्त्रक्रियेनंतर लसी कोणत्या महिन्यापासून सुरू करावयाच्या?
५. घरातील कोणाला कोणती लस घ्यावी लागेल?
६. संसर्गाच्या संपर्कात आल्यास रात्री-अपरात्री कोणाला दूरध्वनी करावा?

कार्डाचे छायाचित्र आई आणि वडील दोघांच्याही भ्रमणध्वनीत असावे. गावचे बालरोगतज्ज्ञ आणि शहरातील प्रत्यारोपण केंद्र यांच्यातील दुवा पुष्कळदा तेवढाच असतो.

शेवटी एक विचार ज्यांच्या घरात असा आजार नाही, त्यांच्यासाठी. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली आणि काही बालके दगावली. लसीकरणात पडलेले खंड हे त्यामागील प्रमुख कारण होते. अशी साथ वस्तीत शिरते, तेव्हा धडधाकट मुलांपैकी बहुतेक सावरतात. पण त्याच गल्लीत, त्याच शाळेच्या बाकावर एखादे मूल असे असते, की ज्याने आपल्या आईच्या यकृताचा तुकडा पोटात वागवत नवे आयुष्य मिळवलेले असते आणि ज्याला गोवराची लस घेण्याची संधीच मिळालेली नसते. आपण आपल्या मुलाला वेळेवर दिलेली लस त्या अनोळखी मुलापर्यंत पोहोचणारा रोग वाटेतच अडवते. अवयवदानासाठी मोठे धैर्य लागते आणि तो योग प्रत्येकाला येत नाही. हे दान मात्र प्रत्येक घराला शक्य आहे. आज घरातील लसीकरणाचे कार्ड कपाटातून काढून एकदा डोळ्यांखालून घालावे, एवढीच सुजाण वाचकांना विनंती.